आग, कापूस आणि तीन प्रबंध

मास्टरसाहेब पहिल्यांदा ग्रंथालयात आले, तेव्हा मी त्यांना सभासद करून घ्यायला नकार दिला होता. पुसदच्या ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल होते, तिथे बाहेरच्या माणसाला प्रवेश नव्हता, आणि मी नियमाने चालणारी बाई होते. समोर उभे असलेले गृहस्थ उर्दू शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले. पांढरी आखूड दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी.

"मॅडम, पुस्तक घरी नेत नाही. बसाले जागा पाह्यजे फक्त," ते म्हणाले. "घरी नातवंडं हायेत, टीव्ही हाये. मी पीएच.डी. करून राह्यलो."

"कोणत्या विषयात?"

"इस्लामी तत्त्वज्ञान. कार्यकारणभाव."

तो शेवटचा शब्द त्यांनी इतका जपून, एकेक अक्षर सुटं करून उच्चारला की मला हसू आलं आणि मग हसल्याची लाजही वाटली. माझे वडील आमच्या गावच्या विहारात पुस्तकांचं एक कपाट सांभाळायचे. बाहेरगावचा माणूस आला तरी कपाट उघडायचे, कोणाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. मी मास्टरसाहेबांना बसायला सांगितलं आणि प्राचार्यांकडे गेले.

"या वयात?" प्राचार्य म्हणाले.

"आपल्या फॉर्मवर वयाचा रकाना नाही, सर."

त्यांनी सही केली. 'संशोधक सभासद' असा एक नवाच प्रकार त्या दिवशी सुरू झाला आणि त्याच्या रजिस्टरात पहिलं नाव मास्टरसाहेबांचं लागलं.

दुसरं नाव लागलं ते एका तरुण मुलीचं. ती जवळच्याच अभियांत्रिकी कॉलेजात शिकवायची. मूळची ढाणकीची, घरी शेती. आमच्याकडे शेतीखात्याचे जुने अहवाल होते, ते बघायला म्हणून आली आणि दक्षिणेच्या खिडकीखालचं लांब टेबल तिला आवडलं, म्हणून राहिली. कापसातला ओलावा जागच्या जागी दाखवणारं एक स्वस्त यंत्र बनवायचं, हा तिचा विषय. विषय कसा सुचला, असं मी विचारलं तेव्हा ती एकदम तावात आली.

"बाजारात गाडी उभी राह्यली की व्यापारी कापसात हात घालते अन् म्हणते, ओला हाये. बस. माहे बाबा मान खाली घालून उभे. हाताले काय कळते, मॅडम? मले आकडा पाह्यजे."

ती येताना कापसाच्या छोट्या छोट्या पिशव्या आणायची, प्रत्येकीवर चिठ्ठी. टेबलभर तंतू उडायचे, पुस्तकांच्या पानांत जाऊन बसायचे. मी रागवायची. ती "सॉरी मॅडम" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्या टेबलाची तिसरी खुर्ची माझी. मीसुद्धा ग्रंथालयशास्त्रात पीएच.डी. करत होते. आपल्या भागातले संशोधक माहिती कशी शोधतात, हा माझा विषय. मार्गदर्शकांनी सांगितल्याप्रमाणे मी एक लांबलचक प्रश्नावली तयार केली होती आणि ती भरून घेण्यासाठी माणसं पकडत फिरायची. हाताशी असलेले हे दोघे पहिले बळी. 'माहिती मिळवताना येणारी मुख्य अडचण' या प्रश्नापुढे मुलीने लिहिलं, 'नेट'. मास्टरसाहेबांनी पेन बराच वेळ हातात धरून ठेवलं आणि मग मराठीत, वळणदार अक्षरात लिहिलं, 'नेमकं काय विचारायचं आहे, तेच लवकर कळत नाही.' माझ्या प्रश्नावलीत या उत्तरासाठी कोणताच पर्याय नव्हता. मी ते 'इतर'मध्ये टाकलं.

असं वर्षभर चाललं. दुपारी दोन ते पाच आम्ही तिघं त्या टेबलावर. साडेतीनला मी माझ्या केबिनमधल्या शेगडीवर चहा करायची. ग्रंथालयात शेगडी चालत नाही हे मला माहीत होतं, पण तोवर मी नियमाची बाई उरले नव्हते.

एका दुपारी मुलगी उड्या मारतच जिना चढून आली. तिचं यंत्र जमलं होतं. एक स्टीलचा डबा, त्याला वायरी आणि छोटा पडदा. डब्यात कापूस भरायचा, पडद्यावर आकडा येतो. तोच कापूस भट्टीत सुकवून, आधीचं आणि नंतरचं वजन घेऊन तिने ताडून पाहिलं होतं. दोन्ही आकडे जुळत होते. तिने आलेख आमच्यापुढे पसरला. ठिपके एका सरळ रेषेत, शाळेतल्या मुलांसारखे.

मास्टरसाहेबांनी आलेख पाहिला, मग डब्यातला कापूस चिमटीत घेतला.

"आमच्या जुन्या ग्रंथांत कापसावरच मोठा वाद हाये, बेटी," ते म्हणाले. "कापसाले आग लागली, कापूस जळला. तर आगीनंच जाळला, हे कोणी पाह्यलं? आपण पाह्यलं ते एवढंच का आग आली अन् कापूस जळला. दोन गोष्टी सोबत आल्या. एकीनं दुसरी केली, हे डोळ्याले दिसत नाही. ते आपण मनानं जोडतो."

"म्हंजे आग जाळत नाही?"

"तसं मी म्हणत नाही. विचारून राह्यलो. तुह्या पडद्यावरचा आकडा वाढते, तो ओलाव्यानंच वाढते, हे कशावरून?"

तिने आलेखावर बोट आपटलं. "यावरून, सर!"

"हे तर सोबत आल्याचं झालं," मास्टरसाहेब शांतपणे म्हणाले आणि नमाजाची वेळ झाली म्हणून उठले.

ते गेल्यावर ती मला म्हणाली, "असे प्रश्न विचारत बसलो तर माही पीएच.डी. या जन्मात होत नाही." मी हसले. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तो शब्दांचा खेळच वाटला होता.

कापसाची वेचणी सुरू झाली तसं तिला प्रत्यक्ष शेतात यंत्र वापरून बघायचं होतं. झरी जामणीकडच्या एका गावात तिच्या ओळखीचं कुटुंब होतं. मला तिकडच्या कृषी सहायकांकडून प्रश्नावल्या भरून घ्यायच्या होत्या. मास्टरसाहेबांचा एक जुना विद्यार्थी त्याच बाजूला नोकरीला होता, त्याला भेटायचं म्हणून तेही निघाले. भल्या सकाळी कॉलेजच्या जीपने निघालो. पांढरकवडा मागे पडलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाचं जंगल लागलं, आणि गावात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते.

शेतात चार-पाच बाया वेचत होत्या. त्यांतली एक कोलाम आदिवासी बाई, वयाने माझ्याएवढी, ओटीत कापूस घेऊन आमच्याकडे आली. मुलीने तिला यंत्र समजावून सांगितलं. आधी स्वतः डबा भरला, आकडा लिहून घेतला. मग त्या बाईला म्हणाली, "मावशी, आता तुम्ही भरा."

बाईने त्याच ओटीतला कापूस हलक्या हाताने डब्यात सोडला. पडद्यावर आकडा आला तो जवळजवळ निम्मा.

मुलीने वायरी तपासल्या. पुन्हा स्वतः भरलं, आकडा वर. बाईने भरलं, आकडा खाली. एकच कापूस, एकच डबा, एकच ऊन.

"तू दाबून राह्यली ना," बाई सहज म्हणाली. "दाबलं का वाढते. पायलीत जवारी ठोकून भरली तर जास्तच मावते."

मुलगी मातीतच खाली बसली. तिच्या लक्षात काय आलं ते मला नंतर कळलं. ओला कापूस हाताला मऊ लागतो, लवकर बसतो. प्रयोगशाळेत डबा नेहमी तिनेच भरला होता आणि ओला कापूस तिच्याही नकळत जास्त दाबला जात होता. यंत्र बरंचसं मोजत होतं ते तिच्या हाताचा दाब. ओलावा त्याच्यासोबत येत होता, म्हणून आलेख जुळत होता.

परतीच्या वाटेवर मुलगी डबा मांडीवर घेऊन बसली होती. मास्टरसाहेब विद्यार्थ्याला भेटायचं विसरूनच गेले होते. यवतमाळच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा ते हळूच म्हणाले, "माह्या बोलण्यानं तुले तरास झाला, बेटी."

"तुमचं काय जाते, सर?" ती फटकन म्हणाली. "तुमचा कापूस पुस्तकातला. तो कितीही वर्षं जळला तरी चालते. माहे तीन वर्षं गेले."

मास्टरसाहेबांनी कप खाली ठेवला. त्यांच्याशी असं कोणी बोललेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर ती ग्रंथालयात आली नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मास्टरसाहेब रोज दोनला यायचे, पुस्तक उघडायचे, आणि जिन्यावर पाऊल वाजलं की मान वर करायचे. मी फोन केला तर तिने उचलला नाही. टेबल त्या दिवसांत अगदी स्वच्छ असायचं, आणि ते मला बघवत नव्हतं.

मग एका दुपारी मास्टरसाहेब वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन आले. त्यांच्या धाकट्या भावाचं बसस्टँडजवळ गॅरेज होतं. तिथे बसून त्यांनी एक झाकण करवून घेतलं होतं. डब्यात बरोबर बसणारं, लोखंडी, वर धरायला कडी. हाताने दाबायचंच नाही, झाकण ठेवायचं. त्याच्या वजनाने दरवेळी सारखाच दाब.

"तुम्ही देऊन द्या तिले," ते म्हणाले.

"मी नाही देणार. तुम्हीच द्या."

मी तिला संदेश पाठवला, 'मास्टरसाहेब तुझ्यासाठी काही घेऊन आलेत, उद्या ये.' ती आली. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले. त्यांनी कागद सोडला. तिने झाकण उचललं आणि उचलतानाच तिला हसू फुटलं.

"सर, हे किती जड हाये! सरकी फुटून तेल निघन!"

"भाऊ ट्रकचं काम करते," मास्टरसाहेब ओशाळून म्हणाले. "त्याले हलकं जमत नाही."

झाकणाची कल्पना तिलाही सुचली होती, असं तिने सांगितलं. वहीत चित्र काढून ठेवलं होतं, पण पुन्हा सगळे नमुने पहिल्यापासून तपासायचे या विचारानेच धीर सुटला होता. त्या संध्याकाळी आम्ही तिघंही गॅरेजवर गेलो. मोबिलऑइलच्या वासात, आडव्या ठेवलेल्या टायरवर बसून ती भावाला चित्र समजावत होती, आणि मास्टरसाहेब मध्ये उभे राहून तिची मराठी भावाला आणि भावाची हिंदी तिला पोचवत होते, खरं तर दोघांनाही दोन्ही भाषा येत होत्या. झाकण तीनदा बदललं. तिसरं जमलं.

तिचा प्रबंध वर्षभर उशिरा गेला. त्यात हाताच्या दाबावर एक पूर्ण प्रकरण होतं, आणि तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच प्रकरणावर घालवला. ऋणनिर्देशात तिने त्या कोलाम मावशींचं नाव सगळ्यांत वर लिहिलं, मार्गदर्शकांच्याही वर. त्यावरून थोडी कुरबूर झाली. तिने नाव हलवलं नाही.

मास्टरसाहेबांचं काम मात्र अडलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि अरबी ग्रंथांचा टाइप मुंगीएवढा. मुलीने टेबलावर एक स्टँड बसवला, त्यात जुना मोबाइल अडकवला, आणि पुस्तकाचं पान ग्रंथालयाच्या मॉनिटरवर मोठं करून दाखवायची सोय केली. त्यांना हवा असलेला एक ग्रंथ आपल्याकडे कुठेच नव्हता. मी दूरदूरच्या ग्रंथालयांना ईमेल पाठवत राहिले. चार महिन्यांनी एका अनोळखी ग्रंथपालाने चाळीस पानांचे फोटो पाठवले, ना ओळखपाळख, ना मोबदल्याची गोष्ट. पहिलं पान पडद्यावर उघडलं तेव्हा मास्टरसाहेबांनी खुर्ची इतकी पुढे ओढली की त्यांचं नाक काचेला लागायचं बाकी राहिलं. मधूनच ते चष्मा काढून पुसत होते. मी कपाटाआड जाऊन उगाच पुस्तकं लावत बसले.

त्यांना पदवी मिळाली. मोहल्ल्यातल्या पोरांनी चौकात त्यांच्या फोटोचा मोठा फ्लेक्स लावला, आणि तो उतरेपर्यंत मास्टरसाहेब लाजून दुसऱ्या गल्लीने ये-जा करत होते. त्यांच्या बेगम मला म्हणाल्या, "आता यांना डॉक्टर म्हणायचं, अन् गोळी आपणच आणून द्यायची."

माझा प्रबंध सगळ्यांत शेवटी झाला. त्यात मी त्या टेबलाबद्दल एक प्रकरण लिहिलं होतं. माणसं माहिती नुसती पुस्तकांतून शोधत नाहीत, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला चिडवून, त्याच्यावर चिडूनही शोधतात, असं काहीसं. मार्गदर्शक म्हणाले, याला पुरावा नाही. मी काढून टाकलं. आजही त्याचं वाईट वाटतं.

आता मी निवृत्त आहे. ग्रंथालयात स्पर्धा परीक्षांची मुलं बसतात, प्रत्येकाला प्लायवूडचा वेगळा कप्पा, कानात हेडफोन. चांगली, कष्टाळू मुलं आहेत. एकमेकांशी बोलत नाहीत, एवढंच. मास्टरसाहेब त्यांच्या लेकीकडे नांदेडला राहायला गेले. आमची इंजिनीअर बाई आता स्वतः संशोधक विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते. मावशींच्या गावातल्या बचत गटाकडे तिची चार यंत्रं आहेत, आणि कापूस बाजारात न्यायच्या आधी बाया स्वतःच ओलावा बघून घेतात.

गेल्या दिवाळीत ती ढाणकीला जाताना माझ्याकडे थांबली. आम्ही मास्टरसाहेबांना व्हिडिओ कॉल लावला. कॅमेरा कुठे धरायचा ते त्यांना कळत नव्हतं, त्यामुळे बराच वेळ आम्हाला फक्त छताचा पंखा आणि त्यांचं कपाळ दिसलं. तब्येतीचं विचारायच्या आधीच ते म्हणाले, "बरं झालं दोघीही सापडल्या. मले एक नवीन शंका आली हाये." आणि पुढचा पाऊण तास ते ती सांगत राहिले. काळाविषयी काहीतरी होतं. निम्मं मला कळलं नाही. ती मात्र मध्येच वाद घालत होती, आवाज चढवत होती, "नाही सर, हे असं नसते," म्हणत होती, आणि तिकडून मास्टरसाहेबांचं कपाळ आनंदाने हलत होतं.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मॅडम, मले निघाले पाह्यजे. शेवटची गाडी जाईन."

"जा ना," मी म्हटलं.

ती उठली नाही. मीही पुन्हा म्हटलं नाही. शेवटी तिने घरी फोन करून सांगितलं की उद्या येते, आणि मी भाताला थोडे तांदूळ जास्त टाकायला आत गेले.