टाळूवरचा वस्तरा

बाहत्तरच्या उन्हाळ्यात राहात्याच्या रंभाजीनं टकलावर वैद्याचा जहाल लेप लावून घेतला. टाळू फोडांनी भरली. मेल्या वैद्यानं चाळीस दिवसांत केस उगवण्याचा वायदा केला होता, पन्नास उलटले. रंभाजी कुणापुढं टोपी काढेना, पण घटकेघटकेला टोपीखाली चाचपायचा. नांगर धरून घट्टे पडलेल्या बोटांना काय कळणार? बायको करवादायची, "अवं, पेरलेलं रोज उकरून बगत्यात व्हय?"

अशात त्याचा म्हातारा बाप गेला. रंभाजी कोरड्या डोळ्यांनीच वावरला. दहाव्याला नदीकाठी न्हावी त्याचं डोकं भादरू लागला. वस्तरा टाळूवर आला आणि खरखर वाजला.

केस उगवले होते! उगवले आणि गेले.

रंभाजीनं हंबरडा फोडला. जमलेली माणसं हळहळली, "बापावर लई जीव हुता गड्याचा."