आक्काचं बिडाचं मशीन

"आई गेली, मावशी." फोनवर माझी भाची मंदा एवढंच बोलली आणि माझ्या तोंडून निघालं, "सुटली गं!" घरातले माझ्याकडे बघत राहिले. बघू देत. महिना होऊन गेला, तरी तो शब्द मला मागे घ्यावासा वाटत नाही.

आक्का माझी थोरली बहीण. साताऱ्यात गाड्यांच्या सीटा आणि ताडपत्र्या शिवणारी बाई म्हणून सगळे तिला ओळखायचे. दाजी ट्रकवर ड्रायव्हर. ते पीत नाहीत, हे लोक कौतुकाने सांगत. मला त्याचाच जास्त संताप येतो... शुद्धीत मारायचे. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून, दार उघडायला उशीर झाला म्हणून, दोन्ही मुलीच झाल्या म्हणून. एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं. आक्का हातमशीनवर झंपर-परकर शिवून पोरींना शिकवत होती. न विचारता तिने मंदाचं नाव हायस्कुलात घातलं, तेव्हा दाजींनी आधी तिला झोडपलं आणि मग मशीन उचलून धुण्याच्या दगडावर आपटलं. चाक निखळून गटारात गेलं. ओठ फुटलेली आक्का गटारात हात घालून ते चाक शोधत होती. मशीन गेलं म्हणजे पोरींची शाळा गेली, हे तिला तिथेच कळलं.

काही दिवसांनी ती सांगलीला माझ्याकडे आली. आईने लग्नात घातलेल्या पाटल्या मोडल्या आणि मला घेऊन मशीनच्या दुकानात गेली. आता ट्रकवाल्यांचं जाड काम घ्यायचं, असं तिने ठरवलं होतं. पिशवीत ताडपत्रीचा आणि रेक्झीनचा तुकडा होता. पहिल्या चकचकीत मशीनवर तिने ताडपत्रीच्या चार घड्या सरकवल्या, तर सुई कट्कन मोडली. दुसऱ्यावर रेक्झीन पुढेच जाईना, टाके सुटायला लागले. कोपऱ्यात एक जुनं, काळं, बिडाचं धूड होतं. त्याने चारी घड्या मुकाट्याने शिवल्या. मला वाटलं, झालं काम. पण आक्का दुकानदाराला भलतंच विचारत होती.

"एकट्या गड्याला उचलंल का वो हे?"

"न्हाई वो ताई, दोघं-तिघं लागतील. पर हमाल मी देतो की!"

"मग हेच द्या."

दुकानदार गोंधळला. मी नाही गोंधळले.

मशीन साताऱ्याला गेलं, काम भरपूर आलं. दर खंडेनवमीला दाजी स्वतः त्याला हळदकुंकू वाहायचे, झेंडूची माळ घालायचे. बायकोला कधी प्रेमाने हात लावला नसेल, मशीनला लावायचे! त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, ही आपल्याकडची रीत. एका वर्षी मी सणाला तिथेच होते. दुपारी एक ड्रायव्हर फाटकी ताडपत्री घेऊन आला. गाडीत साखर, आभाळ भरलेलं. आक्काने माळ काढून ठेवली आणि शिवायला बसली. तेवढ्यात दाजी आले. त्यांनी मशीन गदागदा हलवलं. ते जागचं हललं नाही. लाथ घातली, तर त्यांचाच अंगठा फुटला. मग त्यांनी आक्काचा डावा हात सुईखाली दाबला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. ती जाड सुई नखातून आरपार गेली...

मी किंचाळत त्यांना ढकललं, चाक उलटं फिरवून बोट सोडवलं. ताडपत्री रक्ताने भरली. आक्काने पदर दातांत धरून बोटाला चिंधी गुंडाळली.

"मशिनीला काय झालं न्हाई न्हवं?" हे तिचं पहिलं वाक्य. मग म्हणाली, "कुणी इचारलं तर सुई लागली म्हणायचं. पोरींची लग्नं व्हायाची हायती." उरलेली शिवण तिने त्याच हाताने पुरी केली.

पुढेही मार थांबला नाही. मशीनही थांबलं नाही. मंदा शिकून मास्तरीण झाली, धाकटी नर्स झाली. आक्काच्या हाताला दर दोन-चार महिन्यांनी पट्टी दिसायची, आणि सांगायचं कारण एकच असायचं, सुई लागली.

तेराव्याला तिच्या खोलीत मशीनभोवती माणसं बसली होती. एक जुने ट्रकमालक हळहळून म्हणाले, "बाईचं काम लय पक्कं. पर जरा धांदरट व्हती, सुई सारखी लागायची." सगळ्यांनी माना हलवल्या. मंदाने माझ्याकडे बघितलं.

दाजी आता नाहीत. मुलींची लग्नं होऊन नातवंडंही मोठी झाली. आता लपवून कुणाचं भलं व्हायचं राहिलेलं नाही, म्हणून लिहिते. माझी आक्का धांदरट नव्हती. एवढ्या वर्षांत तिला सुई एकदाच लागली, आणि तेव्हा चाक दुसऱ्याच्या हातात होतं.