धूळ जाणार कुठं

मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि गाडी घेऊन गेला, तेव्हा परभणीतल्या आमच्या घराला लागून असलेली गाडीची पत्र्याची खोली रिकामी झाली. मी पाटबंधारे खात्यातून नुकताच निवृत्त झालो होतो. लाकडाचा नाद लहानपणापासूनचा, पण सवड कधी मिळाली नव्हती. मग त्या खोलीत कटर मशीन आलं, रंधा मशीन आलं आणि मी देव्हारे करायला लागलो.

बायको आधी नुसता चहा घेऊन यायची. एकदा मी घासत असलेली कमान तिनं हातातून घेतली आणि म्हणाली, "लय दाबून घासायलात तुमी. पोळीला तेल लावल्यावानी हात फिरवा." तेव्हापासून पॉलिशपेपरचं काम तिचं झालं. बदल्यांच्या नोकरीत आमचं बोलणं म्हणजे गॅस संपला, फी भरायची, पाहुणे येणार, एवढंच. त्या खोलीत आम्ही खऱ्या अर्थानं बोलायला लागलो. खाली पोत्यावर बसून ती सागाची कड घासायची आणि चारठाण्याच्या, तिच्या माहेरच्या गोष्टी सांगायची. देवळाच्या तापलेल्या दगडांवर मुली वाळवणं कशी घालायच्या, राखण करता करता अर्धी कशी खाऊन टाकायच्या. इतक्या वर्षांत मी यातलं काही ऐकलं नव्हतं.

मग तिला खोकला लागला. अडुळसा झाला, सुंठ झाली, वाफ झाली. गच्चीचा जिना चढताना ती मधेच थांबायची आणि कुंडीतली पानं बघत असल्यासारखं करायची. छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं आणि विचारलं, "घरात कसलं काम चालतं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "लाकडाची बारीक धूळ छातीत बसलीय. यांना त्या खोलीपासून लांब ठेवा."

येताना रिक्षात मी म्हणालो, "बंदच करून टाकतो सगळं."

"मी आत येणार न्हाई," ती म्हणाली. "पण तुमी बंद करू नका. घरात बसून काय करताल? काहीतरी करा त्या धुळीचं. धरणाच्या पाण्याचं नियोजन केलं म्हणता ना जलमभर."

मशीनं बंद ठेवून मी धुळीच्या मागं लागलो. बैठकीत प्लायवुडचा एक तक्ता भिंतीला टेकवला आणि त्यावर पेन्सिलीनं आखणी सुरू केली. प्रत्येक मशीनला एक पाइप. सगळे पाइप एका मोठ्या पाइपला मिळणार. वळणं कमीत कमी, कारण वळणावर ओढ मरते. पुढं पत्र्याचा शंकू, त्यात हवा गरगर फिरली की जड भुसा खालच्या पिंपात पडणार. शेवटी हवा ओढणारा ब्लोअर आणि कापडी पिशवी.

ती चष्मा लावून तक्त्यासमोर उभी राहिली. "भुसा इथं पडंल. अन् बारीक धूळ?"

"ती पिशवीत."

"पिठाच्या गिरणीत बघितलंय मी. पिशवी बांधलेली असती, तरी गिरणीवाला पांढराच असतो."

मी रबरानं खोडलं. पिशवी खोलीच्या बाहेर काढली; मागच्या भिंतीतून पाइप नेऊन ती घरामागच्या बोळात लावली, म्हणजे तिच्यातून जे निसटेल ते बोळात जाईल. तिकडं कुणी राहत नव्हतं. रोज जेवणं झाली की आम्ही तक्त्यासमोर बसायचो. लेकीचं लग्न ठरवावं तशी ती बारीकसारीक शंका काढायची आणि मी उत्तरं शोधायचो.

शंकू करायला स्टेशनजवळच्या कूलरवाल्याकडं गेलो. तो पत्रा फिरवून बघत म्हणाला, "साहेब, यात पानी कुठून टाकायचं?"

"पाणी नाही. धूळ धरायचीय."

"परभणीत धूळ धरायला निघाले तुमी?" तो हसला. मीही हसलो.

ज्या दिवशी सगळं जोडून झालं, त्या दिवशी मी कटरमधून एक जाड फळी घातली. भुसा पाइपातून खडखडत गेला आणि पिंपात पडला. टेबल स्वच्छ राहिलं. ती दाराशी पदर नाकाला लावून उभी होती. तिनं काहीतरी म्हटलं, ब्लोअरच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी बटण बंद केलं.

"काय म्हणालीस?"

"काही न्हाई. चालतंय म्हणले." आणि ती आत गेली.

पुढं असंच होत राहिलं. पूर्वी ती शेजारी असायची, मशीन थांबलं की दोन शब्द व्हायचे. आता मशीन चालू असलं की आमच्यामधे नुसती घरघर असायची. तरी मी मनाला सांगायचो, तिच्यासाठीच चाललंय. पण सकाळी पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आत आली की त्या उजेडात धूळ तरंगताना दिसायची. मी दुसरी पिशवी चढवली. दाराच्या फटीला रबराची पट्टी मारली. पत्र्याची भोकं बुजवली. त्यानंतर तिरीप दिसेनाशी झाली, आणि मला वाटलं, धूळही गेली.

उन्हाळा लागला. तिच्या खोलीच्या मागच्या खिडकीत कूलर बसवला. खोकला कमी व्हायचा तर वाढत चालला. एका दुपारी मी आत गेलो, तर ती पलंगाच्या कडेला वाकून बसलेली, हात गुडघ्यांवर, बोलता येत नव्हतं. पाणी द्यायला उठलो तेव्हा कूलरच्या ओल्या गवतावर एक फिकट थर दिसला. बोटानं घासला. सागाचा वास आला.

बोळात सोडलेली धूळ कूलर दिवसभर ओढत होता आणि तिच्या अंगावर टाकत होता.

जरा श्वास घेता आल्यावर ती म्हणाली, "मला वास यायचा. वाटायचं, तुमी काम करायलात. बरं वाटायचं."

मी खोलीत जाऊन मेन स्विच पाडला. तो आजपर्यंत वर केलेला नाही. धूळ थांबली की खोकला थांबेल, असा माझा हिशेब होता. डॉक्टरांनी नवा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "जे झालंय ते भरून येत नाही. आता वाढू नये एवढंच बघायचं." पण ते वाढलंच. चांगल्या हवेला म्हणून तिचा भाऊ तिला चारठाण्याला घेऊन गेला. तिथं सोयाबीनची मळणी सुरू झाली होती. भुसकट सगळ्या गावावर उडत होतं. चार दिवसांत तो तिला परत घेऊन आला आणि माझ्याकडं न बघता बॅग ठेवून गेला.

प्लायवुडचा तक्ता अजून बैठकीतच होता. मी तो पालथा केला. रात्रंदिवस विचार करून एवढं आखलं, पण धूळ नाहीशी होत नाही, ती फक्त दुसरीकडं जाते, हे आखताना माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास तिला उभं राहून अंघोळ होईना. "बसायला कायतरी बघा," ती म्हणाली. मी गाडीच्या खोलीचं कुलूप काढलं. सागाच्या चांगल्या फळ्या उभ्या होत्या. तिच्यासाठी किती उंच, किती रुंद लागेल ते मला मोजावं लागलं नसतं. हातकरवतीनं कापलं असतं, तरी भुसा पडलाच असता, कपड्यांवरून घरात आलाच असता. बराच वेळ तिथं उभा राहिलो. मग कुलूप लावलं आणि बाजारात जाऊन प्लॅस्टिकचं निळं स्टूल आणलं.

ते मी न्हाणीत ठेवलं. तिनं भिंतीला धरून त्यावर बसून बघितलं.

"बरं हाय," ती म्हणाली. "हलकं हाय."

मी बादलीत गरम पाणी ओतलं.