पाहिलीचं पाहिले

फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलला न्यायची पिशवी भरत होते. काय काय घ्यायचं याची यादी माझ्याकडे असतेच. मोजे, चष्म्याचं फडकं, लिंबाच्या लोणच्याची लहान बाटली, आजचा पेपर. तिसऱ्या वस्तूपुढे खूण केली आणि फोन वाजला. वॉर्डमधली सिस्टर हळू आवाजात म्हणाली, "मिसेस, तुम्ही बसलेल्या आहात का?" मी उभी होते, पण हो म्हणाले. तिचं बोलणं संपल्यावर मी तिला थँक यू म्हटलं, फोन ठेवला आणि चौथ्या वस्तूपुढेही खूण केली. तारा, निखिल, तुमचे आजोबा गेले ते मला असे कळले. याला आता सहा आठवडे झाले.

मंडळाच्या अंकासाठी त्यांच्यावर चार शब्द लिहा, असं सगळे म्हणाले. लिहायला बसले खरी, पण डोळ्यांपुढे मंडळ येत नाही, मेलबर्नला बसलेली तुम्ही दोघं येता. तेव्हा हे तुमच्यासाठीच. तुम्हाला मराठी वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. तुमची आई वाचून दाखवील. एका ठिकाणी तिला थांबावंसं वाटेल, तिथे तिला थांबू द्या.

आजोबा नागपूरहून इथे लंडनला आले तेव्हा तिशीत होते. क्रॉयडनच्या एका ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी वीस वर्षं पुलांचे नकाशे काढले. दुसऱ्यांनी बांधायचे पूल, दुसऱ्यांच्या नद्या. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात ऑफिसने माणसं कमी केली आणि ते त्रेपन्नाव्या वर्षी घरी बसले. पहिला महिना त्यांनी सगळ्या खिडक्या रंगवल्या. दुसऱ्या महिन्यात लायब्ररीतून थायलंडचा नकाशा आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. तो उचलल्याशिवाय ताटं मांडता येत नसत. मी रोज उचलत असे, ते रोज पसरत असत.

"अहो, एवढ्या लांब काय आहे?" मी एकदा विचारलं.

"आपण घरात ज्याच्यापुढे मेणबत्ती लावतो ना, त्याचं तिथे प्रत्येक गावात घर आहे," ते म्हणाले. "आणि तिथे मला कुणी आडनाव विचारणार नाही."

हे तुम्हाला कळायला थोडा वेळ लागेल. आपण बौद्ध. आमच्या पिढीला आडनाव हा प्रश्न कशासाठी विचारतात ते लहानपणापासून कळत असे. समुद्र ओलांडून आलो तरी लंडनच्या मराठी समारंभात चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत कुणीतरी विचारायचंच, "तुम्ही कुठले? आडनाव काय?" आजोबा हसून उत्तर द्यायचे आणि घरी येताना ट्रेनमध्ये एक शब्द बोलायचे नाहीत.

बेत असा ठरला. मी तेव्हा प्रायमरी शाळेत शिकवत होते. त्यांनी जानेवारीत एकट्याने निघायचं, उत्तरेतलं चियांग माय नावाचं शहर आणि आजूबाजूची खेडी बघायची. मी फेब्रुवारीत हाफ-टर्मच्या आठवडाभराच्या सुट्टीत बँकॉकला उतरायचं आणि रेल्वेने चियांग मायला पोचायचं. मंगळवारी सकाळी ते फलाटावर असतील. एका आठवड्यात जाऊन येणं होत नव्हतं, शाळेतून आणखी दोन दिवसांची रजा लागणार होती. "रजा मिळेल ना?" त्यांनी हीथ्रोला विचारलं. "विचारते," मी म्हणाले.

मग त्यांची पोस्टकार्डं यायला लागली. पहिल्याच कार्डावर लिहिलं होतं, 'इथे देवळाला वाट म्हणतात. आपली वाट स्त्रीलिंगी, म्हणून मी यांच्या वाटेला पुल्लिंगी करून टाकलं आहे. बाईंनी गोंधळू नये. आज तीन वाट पाहिले.' बाई म्हणजे मी. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये मी इथल्या मुलांचा मराठीचा वर्ग घेत असे, आणि त्या मुलांना दुसरं काही जमो न जमो, तो-ती-ते कधी जमायचं नाही. टेबल कधी 'तो', कधी 'ती'. तुमची आईही त्यातलीच. मी ही कार्डं वर्गाच्या फळ्यावर लावायला लागले. शेवटी खऱ्या माणसाने लिहिलेलं खरं मराठी.

कार्डं छोटी, अक्षर नकाशातलं, बारीक आणि सरळ. एका डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी नाग आहेत, आपण शेपटीपासून फण्यापर्यंत चढत जातो. सकाळी भिक्खू अनवाणी रांगेने येतात, बायका रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून त्यांच्या पात्रात भात घालतात. लांपांग गावात अजून घोडागाड्या आहेत, मालू, तुला आवडतील. खेड्यांत भाताची कापणी झालेली, पेंढा जाळतात, दुपारी सूर्य तांबडा दिसतो. चिकट भात बांबूच्या टोपलीतून हाताने खाल्ला, चमचा कुणी पुढे केला नाही. आणि एक कार्ड असं: 'बसमध्ये शेजारच्या म्हातारीने खुणेने विचारलं, बायको कुठे? मी पाच बोटं दाखवली, पाच आठवड्यांनी येते म्हणून. तिला वाटलं मला पाच बायका आहेत. तिने ते सगळ्या बसला सांगितलं. माझा फार मान वाढला आहे. लवकर ये.'

ते कार्ड वाचून वर्ग खूप हसला. मीही हसले. तोवर मी रजा मागितलेली नव्हती.

मुलांनो, हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुमच्या आईलाही नाही. मी रजा मागितलीच नाही. हेडमिस्ट्रेस नाही म्हणाल्या असत्या असं नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. मला तो प्रवास नको होता. त्याला वेळापत्रक नव्हतं, कुठे राहायचं ते ठरलेलं नव्हतं, पुढची बस कधी ते पुढच्या गावात कळणार होतं. सगळं रेघेत असलं की मला श्वास घेता येतो. पण 'मला नको आहे' असं लिहिण्याऐवजी मी लिहिलं, 'रजा नाकारली. फार वाईट वाटतं.' चियांग मायच्या पोस्टात त्यांच्या नावाने ठेवायला ते पत्र पाठवलं. तेही उशिरा. तिथे पत्र जायला दहा-बारा दिवस लागतात हे मला माहीत होतं, मी बोटांवर मोजलं होतं. तार करता आली असती. तारेत दोनच शब्द बसले असते, येत नाही. ते दोन शब्द माझ्याने लिहवले नाहीत, म्हणून मी पानभर खोटं लिहिलं.

हाफ-टर्मचा मंगळवार आला आणि गेला. मी घरीच होते. कपाटं आवरली.

दोन आठवड्यांनी शेवटचं कार्ड आलं. मागे नेहमीसारखं वर्णन नाही, चित्रही देवळाचं नाही, साध्या रेल्वे स्टेशनचं. एकच ओळ. 'आज दिवसभर वाट पाहिली.'

तुमची आई त्या शनिवारी मँचेस्टरहून आली होती, युनिव्हर्सिटीत होती तेव्हा. मी वर्गाची तयारी करत होते. तिने माझ्या खांद्यावरून वाचलं.

"आई, बाबा कुणाचा वाट बघत होते?"

"कुणाची. कुणाची वाट," मी म्हणाले. "आणि कुणाचीच नाही. देवळं बघत होते. घाईत चुकलंय, 'पाहिले' हवं."

"Are you sure? कारण बाबा कधी चुकत नाहीत ना. तू चिडतेस म्हणून."

"सुजाता, मराठी मी शिकवते की तू?"

आणि मी लाल पेन घेतलं. 'पाहिली'मधली वेलांटी खोडली, वर मात्रा दिली, 'पाहिले' केलं. कार्ड फळ्यावर लावलं. सगळ्या वर्गात एकटी सुजाता, जिला आयुष्यात कधी 'कुणाचा' आणि 'कुणाची' यातला फरक सांगता आला नाही, तिने ती ओळ बरोबर वाचली होती. मला ते त्याच क्षणी कळलं होतं का? ... गेले सहा आठवडे मी हाच प्रश्न स्वतःला विचारते आहे. पेन उचलताना माझा हात थांबला होता, एवढं आठवतं.

ते मार्चमध्ये परत आले. उन्हाने रापलेले, गळ्याशी शर्ट सैल झालेला. शनिवारी मला हॉलवरून घ्यायला आले तर फळ्यापाशी उभे. मी खुर्च्या रचत होते. त्यांनी चष्मा काढला, कार्डाजवळ वाकले, मग चष्मा पुसून परत घातला.

"बरोबर केलंत, बाई," ते म्हणाले. "लिंग चुकलं होतं."

"माझं पत्र मिळालं ना?" मी विचारलं.

"मिळालं."

"कधी?"

"मिळालं ना," ते म्हणाले, आणि माझ्या हातातल्या खुर्च्या घेतल्या.

एवढंच. त्यानंतर चौदा वर्षं आम्ही एका घरात राहिलो. भांडलो नाही. ते सकाळचा चहा करायचे, मी टोस्ट. दर पौर्णिमेला मेणबत्ती लावून वंदना म्हणायचो, त्यांचा आवाज माझ्यापेक्षा अर्धा शब्द मागे. पण त्या प्रवासाबद्दल ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत, आणि 'पुढच्या वर्षी जाऊ या' असंही कधी म्हणाले नाहीत. मला वाटायचं, एक दिवस ते विचारतील, रजा खरंच नाकारली होती का, आणि मी सांगून टाकीन. मनात वाक्य तयार होतं. हॉस्पिटलमधले अकरा दिवस मी ते रोज घेऊन जात होते, पिशवीतल्या वस्तूंसारखं. रोज परत आणत होते. ते पेपर वाचायचे, मी उद्याच्या जेवणाच्या कार्डावर त्यांच्या वतीने खुणा करायचे. सूप की सॅलड. वेळ भरपूर होता. कुणी तरी आम्हाला तेवढा वेळ मुद्दाम काढून दिल्यासारखा.

ते तुमच्याशी मात्र बोलत. तुम्ही इथे आलात की मागच्या खोलीत तुम्हाला घेऊन बसायचे आणि मी स्वयंपाकघरातून नागांच्या पायऱ्या, पाच बायका, सगळं पुन्हा ऐकायचे. मी दार ओलांडलं की ते विषय बदलायचे. म्हणून गेल्या रविवारी फोनवर मी तुला विचारलं, तारा. आजोबांनी तुला कधी स्टेशनबद्दल सांगितलं होतं का?

"हो," तू म्हणालीस. "आजोबा दोन दिवस आजीचा वाट पाहिला. फुलं आणला होता. मग ती फुलं टॅक्सी ड्रायव्हरच्या वाइफला दिला."

मी काही दुरुस्त केलं नाही. पहिल्यांदाच.

"आणि ते झाडाचं माहीत आहे ना तुला?" तू म्हणालीस. मला माहीत नव्हतं. मग तू सांगितलंस की तिथल्या देवळांत बोधिवृक्ष असतो, म्हातारा झाला की त्याच्या फांद्या खाली येतात, म्हणून लोक टोकाला दोन फाटे असलेल्या, दुबेळक्याच्या काठ्या आणून फांद्यांना टेकू देतात आणि काठीवर आपल्या माणसाचं नाव लिहितात. "आजोबांनी तुझा नाव लिहिला. कारण तू आली नाहीस. मग तू तिथे आहेस असा होतो." लगेच तू विचारलंस, "आणि घरी आल्यावर पण ते ॲपलच्या झाडाला लावायचे ना? तुझी स्टिक?"

माझी स्टिक म्हणजे मागच्या बागेत कपड्यांची दोरी मधोमध उचलून धरायला असते ती काठी, वर दुबेळकं असलेली. इथे प्रत्येक घरी असते. दर ऑगस्टमध्ये सफरचंदं धरली की आजोबा ती काढून सर्वात खालच्या फांदीखाली लावायचे. दोरी खाली यायची, चादरी गवताला घासायच्या. "अहो, धुतलेले कपडे मातीत लोळतायत!" मी ओरडायचे. "कपडे परत धुता येतात, मालू," ते म्हणायचे. ते बाहेर गेले की मी काठी काढून पुन्हा दोरीखाली उभी करायचे. आले की ते पुन्हा न्यायचे. चौदा वर्षं आम्ही हा खेळ खेळलो. मला तो खेळ वाटत होता.

या वर्षी त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं त्या दिवशी काठी झाडाखालीच होती. त्यांचे पायजमे रोज धुवायचे होते, म्हणून मी ती काढून आणली. तिसऱ्या दिवशी फांदी मोडली. कच्ची सफरचंदं गवतभर पडली होती, मी ती बादलीत गोळा केली. मोडलेली फांदी शेजाऱ्याने करवतीने कापून नेली. कापलेल्या जागेवर आता पिवळट गोल दिसतो, बशीएवढा.

तुझा फोन ठेवल्यावर मी बाहेर गेले. काठी उपसून हातात घेतली आणि झाडापाशी जाऊन उभी राहिले. लावायला तिथे काही नव्हतं. थोड्या वेळाने परत आणली आणि दोरीखाली उभी केली. माझे एकटीचे कपडे, दोन दिवसांतून एकदा. दोरी ताठ असते. काही गवताला लागत नाही.