गठाणीत शिवलेली सायकल: भिवंडी ते काशीद

परवा ब्लॉगवरच्या एका मैत्रिणीनं विचारलं, "ताई, आम्ही व्हॅनमध्ये बिछाने टाकून कोकणात निघालोय. मागच्या स्टँडवर सायकली बांधणार आहोत. चोरीला तर नाही ना जाणार?" मी इतकी हसले की नवरा आतून बघायला आला. अगं बाई, सायकल चोरीला जाऊ नये म्हणून काय काय करू नये, हे माझ्याइतकं कोण सांगणार! आम्ही ते सगळं नव्वदच्या दशकातच करून बसलोय. तेव्हा चहा घेऊन बस, आज सगळं सांगते.

मी तेव्हा अकरावीला होते. आम्ही भिवंडीत कामतघरला राहायचो. बाबा गठाणी बांधायचे. म्हणजे लूमवरून उतरलेलं कापड घडी करून रचायचं, वरून गोणपाट गुंडाळायचं आणि दाभणानं सुतळीचे टाके घालून ते असं आवळायचं, की ट्रकवरून खाली पडलं तरी टाका हलता कामा नये. बाबांच्या शिवणीला अख्ख्या कामतघरात तोड नव्हती. तुमची-त्यांची भेट झाली असती तर हे त्यांनी स्वतःच सांगितलं असतं, तेही नमस्काराच्या आधी.

त्या हिवाळ्यात धंद्यात मंदी होती आणि लूम बंद पडले होते. बाबा ज्यांचा माल बांधायचे ते सलीमचाचा आमचे शेजारीच. त्यांची मॅटॅडोर दारात नुसती उभी. एका सकाळी ते आले आणि ओट्यावर बसूनच म्हणाले, "पाटील, गाडी उभी ठेवून काय अंडी देणार हाय का? चला, माझ्या गावाला जाऊ. मुरूडच्या अलीकडं हाय. समुंदर दाखवतो भाभीला."

बस्स, ठरलं! मॅटॅडोरमधल्या सीटा काढल्या, दोन फळ्या टाकून झोपायची सोय केली, स्टोव्ह आणि पाण्याचं पिंप ठेवलं, लूमच्याच कापडाचे पडदे लावले. बायकांनी आत झोपायचं, पुरुषांनी बाहेर ताडपत्रीवर. मोटारहोम वगैरे शब्द कुणाला ठाऊक होते! आम्ही तिला घरगाडी म्हणायचो. मी तर कॉलेजातल्या सगळ्या मैत्रिणींना घरी बोलावून ती दाखवली होती.

आता सायकलचं. लेडीज सायकल घेतली होती माझ्या नावानं, कॉलेजला जायला. पण तिच्यावर खरा जीव जडला आईचा. चाळिशीची बाई, पण दुपारी लूम बंद असले की लूमच्या शेडमागच्या अंगणात चालवायला शिकली. सीट धरून मागं पळायच्या आमिनाचाची, सलीमचाचांच्या बायको. दोघी पडायच्या, हसायच्या, पदर झटकून पुन्हा उभ्या राहायच्या. अंगणाबाहेर मात्र आई सायकल नेत नव्हती. "इथं सगळे ओळखीचे, हसतील मला. एकदा मोकळ्या जागी, कुणी ओळखत नाही तिथं, पोटभर चालवीन." काशीदच्या किनाऱ्यावर सायकल चालवायची, एवढ्यासाठीच आई या प्रवासाला तयार झाली होती. नाहीतर ती माहेरी जायलासुद्धा दहा सबबी सांगायची.

सायकलींसाठी बाबांनी वेल्डरकडून गाडीच्या मागं मजबूत स्टँड करून घेतला. माझ्या आईची लेडीज आणि त्यांची स्वतःची जेंट्स, दोन्ही त्यावर चढवल्या. इथवर सगळं छान. पण बाबांच्या याआधी सायकली चोरीला गेलेल्या, एक तर शिफ्ट सुटताना शेडच्या दारातून. त्यामुळे आधी साखळी आली. मग काल्हेरच्या गोडाऊनवरून मागून आणलेलं नारळाएवढं कुलूप आलं. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबा गोणपाट आणि दाभण घेऊन बसले.

"अहो, हे काय करताय?" आई म्हणाली.

"चोराला दिसलीच न्हाय, तर चोरंल काय?"

दोन्ही सायकलींची त्यांनी एकच गठाण शिवली. चाकं, हँडल, सीट, सगळं आत. शिवण बघत राहावी अशी. आणि हाताची सवय मेली जाते कुठं, शेवटी ब्रश घेऊन काळ्या रंगात वर मालाचा नंबर आणि खाली ठळक 'भिवंडी' लिहून मोकळे झाले!

पहाटे निघालो. कल्याण, शिळफाटा, पनवेल. शिळफाट्याचे खड्डे तेव्हाही होते, त्यांचा वारसा आजही नीट जपलाय. वाटेत जकात नाका लागला. त्या काळी गावात माल न्यायचा तर नाक्यावर जकात भरावी लागायची, आणि आमच्या गाडीच्या पाठीवर तर भलीमोठी पाटीच होती. नाकेवाल्यानं हात आडवा केला.

"कापड कुठं चाललंय?"

"कापड न्हाय साहेब, सायकली हायत," बाबा म्हणाले.

"मी काय काल जन्मलोय? खोला."

बाबा काही शिवण उसवायला तयार होईनात. "साहेब, दोन तास लागले शिवायला! टाका बघा, टाका!" नाकेवाला टाका बघायला थोडाच बसला होता! त्यानं वैतागून गठाणीवर जोरात थाप मारली. आतून आवाज आला, ट्रिंग! तो दचकला. पुन्हा मारली. पुन्हा ट्रिंग! नाक्यावरचे हमाल पोट धरून हसायला लागले. शेवटी तोही हसला. "जा बाबांनो, जा. पण सायकलीला कफन कशाला घातलंय?" आई खिडकीतून म्हणाली, "हेच मी कालपासून विचारतेय!"

कर्नाळ्याच्या झाडीत गाडी शिरली आणि थंड हवा आत आली. आमिनाचाचींनी डबा उघडला, खिमा आणि तांदळाची भाकरी. आम्ही आणलेलं पिठलं सलीमचाचांनी एकट्यांनी संपवलं. वडखळ नाक्यावर गरम वडे खाल्ले, ते आजही खा. रस्ता आता रुंद होतोय होतोय म्हणतात, तेव्हा हातात वेळ ठेवूनच निघा. गाडी बोटीवर चढवून मुंबईहून मांडव्याला उतरायची सोय झालीय, घाई असेल तर ते बरं.

अलिबागला समुद्र दिसला आणि मी ओरडलेच. आईनं लगेच विचारलं, "काढायची का सायकल?" बाबांनी आजूबाजूला पाहिलं. "हितं लई गर्दी हाय. पुढं बघू." त्यात नशिबानं काय करावं! शेजारी उभ्या असलेल्या जीपची स्टेपनी कुणीतरी पळवली. जीपवाल्याचा आरडाओरडा ऐकला मात्र, बाबांनी दाभण काढलं आणि होत्या त्या शिवणीवर दुसरी शिवण मारायला घेतली. आईनं सगळ्यांना चहा दिला, त्यांना मात्र नाही.

चौल, रेवदंडा. नारळ-पोफळीच्या वाड्या, त्यामधून जाणारा अरुंद रस्ता, दोन्ही अंगांना चिऱ्यांचे गडगे. सायकल चालवायला याहून सुंदर रस्ता मी आजवर पाहिला नाही, खरंच सांगते. आई खिडकीला नाक लावून बसली होती. "अहो, इथं तरी?" "परतताना, परतताना," बाबा म्हणाले. मुक्कामालासुद्धा त्यांनी गाडी अशी लावली की मागची बाजू वाडीच्या भिंतीला चिकटली. ही युक्ती मात्र उत्तम बरं का, आजही करा: स्टँड भिंतीकडे, साखळी नुसत्या चाकातून नेऊ नका, फ्रेममधून ओवा, आणि चहाला बसाल तिथून गाडी दिसली पाहिजे. बाकी बाबांचं काही ऐकू नका.

सकाळी काशीदला पोचलो. तेव्हा तिथं ना घोडागाड्या ना भेळवाले. सुरूची झाडं, लांबच लांब पांढरी पुळण आणि आम्ही. ओहोटी होती. पाण्यालगतची ओली वाळू अंगणासारखी घट्ट. आई चपला हातात घेऊन तिच्यावरून चालत गेली, टाच आपटून बघितली आणि परत आली. तिचा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, आता कोण नाही म्हणेल?

बाबा म्हणाले. "चाचाच्या गावात आरामात सोडू गठाण. हितं उघडली तर पुन्हा शिवायला सुतळी पुरायची न्हाय."

आई सरळ गाडीत शिरली आणि विळी घेऊन बाहेर आली. मासे कापायची विळी!

"अगं, अगं! माझी शिवण!"

"शिवण ठेवा जपून तुम्ही," आई म्हणाली, "मला सायकल पायजे." आवाज चढवला नव्हता, पण डोळे भरले होते. "एवढ्या लांब आले मी. कुणासाठी बांधून ठेवलीय? चोरासाठी?"

सलीमचाचा हळूच म्हणाले, "पाटील, भाभीचं बरोबर हाय. चोरानं न्हाय नेली, पण भाभीला तरी कुठं मिळाली?"

आईच्या हातातली विळी बाबांनी काढून घेतली. मला वाटलं, संपलं. पण ते गठाणीपाशी गेले आणि स्वतःच्या हातानं स्वतःची शिवण फाडायला लागले. टाका तुटला की त्यांच्या तोंडून 'च्च' निघायचं. शिवण पक्की, त्यात डबल, घाम फुटला माणसाला! शेवटी गोणपाट गळून पडलं, कुलूप उघडलं आणि सायकल वाळूवर उतरली.

आईनं पदर खोचला. आमिनाचाचींनी सवयीनं सीट धरली, चार पावलं पळाल्या आणि सोडली. आई निघाली! आधी हँडल वाकडंतिकडं, मग सरळ, मग अशी सुसाट की पाण्याचे तुषार दोन्हीकडे उडायला लागले. ती जोरजोरात हसत होती. माझ्या आईला असं हसताना मी त्याआधी ऐकलंच नव्हतं. आणि तिच्या मागं बाबा, पायजमा गुडघ्यापर्यंत वर, हातात ते नारळाएवढं कुलूप, "अगं, कुलूप तरी ने गं!" असं ओरडत पळताहेत. सलीमचाचा वाळूत लोळून हसले. आई किनाऱ्याच्या पार टोकाला जाऊन ठिपका झाली, वळली आणि परत आली. मग आमिनाचाचींनीही बुरखा माझ्या हातात दिला आणि चक्कर मारली. मग मी. मग पुन्हा आई. भरती येईपर्यंत कुणाला जेवणाची शुद्ध नव्हती.

चाचांच्या गावात दोन दिवस राहिलो. सुरमईचं कालवण, सांदण, आणि रोज सकाळी वाड्यांमधून आईची सायकल. परतीला सायकली स्टँडवर उघड्याच बांधल्या, साखळी आणि कुलूप तेवढं लावलं. भिवंडीपर्यंत बाबा मान वळवून मागं बघत होते, ते सोडा.

घरी येऊन धंदा सुरू झाला, लूम खडखडायला लागले. काय बदललं म्हणाल, तर आई आता घरात थांबेना! आधी गल्लीत, मग कामतघरच्या रस्त्यावर आणि एके दिवशी थेट धामणकर नाक्यावर, रिक्षा-टेम्पोंच्या गर्दीत घंटी वाजवत. लोक हसले का? हसले की. चार दिवस हसले, मग "काकू, जरा बाजूनं" म्हणायला लागले. भाजी, रेशन, माझ्या मावशीकडे जाणं, सगळं सायकलवर.

आणि उन्हाळ्यात ती चोरीला गेली. भाजीवाल्यासमोरून, भर दुपारी, कुलपासकट. आई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उन्हातून चालत घरी आली आणि उंबऱ्यावर उभी राहिली. रडवेली झाली होती. "गेली," एवढंच म्हणाली. मी बाबांकडे पाहिलं. आता ऐकवणार, मी सांगत होतो ना!

बाबांनी दाभण खाली ठेवलं, तिच्या हातातल्या पिशव्या घेतल्या आणि माझ्याकडे दिल्या.

"चपला काढू नको," ते आईला म्हणाले. "सायकलवाल्याचं दुकान अजून उघडं असंल."