कॉम्प्युटरने ठरवलेली माझी नोकरी

हातातला चहा आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल! माझ्या हातून झालेला घोटाळाच तसा आहे.

मी नुकतीच दहावी पास झाले. मला वकील व्हायचं होतं. हे फक्त मला आणि माझ्या वहीला माहीत होतं, बाबांना नाही. त्यांना सांगायचं म्हणजे तोंड उघडावं लागणार, आणि माझं सगळं तिथेच तर अडतं! बाबा मला सायन्सला घालायला निघाले होते. फॉर्म भरायला पंधरा दिवस उरले होते.

त्यातच आमच्या सिल्वासात सायबर कॅफे निघाला. सायली गावातल्या बाबांच्या कारखान्यातले इंजिनिअर साहेब त्यांना म्हणाले, "इंटरनेटवर प्रश्न विचारतात. मुलीने काय व्हावं, ते कॉम्प्युटर सांगतो."

मी मनात नाचले. कॉम्प्युटरच 'वकील' म्हणाला, तर मला बोलायलाच नको!

रविवारी आम्ही गेलो. बाबा शेजारी बसले, कॅफेवाले जिग्नेशभाई मागे उभे. एकेक पान उघडायला मिनिटभर लागत होतं. पहिलाच प्रश्न, 'तुम्हाला चांगलं बोलता येतं का?'

आता तुम्हीच सांगा, दोन मोठी माणसं बघत असताना 'हो, मी फार छान बोलते' असं कोण म्हणेल? मी 'नाही' दाबलं. 'आपलं म्हणणं इतरांना पटवून देता का?' छे, किती आगाऊ दिसेल! नाही. 'एकटं राहायला आवडतं का?' चांगल्या घरच्या मुलीसारखं, 'हो'. 'तेच काम रोज करायला कंटाळता का?' मुळीच नाही!

प्रिंटरने खरखरत कागद बाहेर टाकला. जिग्नेशभाईंनी तो दोनदा वाचला.

"काका, इसमें तो लाइटहाऊस कीपर लिखेला है."

"म्हणजे काय?"

"दरिया किनारे बत्ती होय ने, एनुं ध्यान राखवानुं."

मला वाटलं, बाबा हसतील. पण मशीनसोबत आलेल्या छापील पुस्तकाला विचारल्याशिवाय माझे बाबा एक स्क्रूसुद्धा पिळत नाहीत. त्यांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

"सरकारी नोकरी दिसते, माय. दमणला आहे की दीपगृह! बघून तर येऊ."

तेव्हा तरी मी बोलावं ना? नाही!

आठवडाभरात बातमी सगळ्या चाळीत पोहोचली. शेजारच्या मावशींनी तर स्वेटर आणून दिला. "समुद्रावर वारा असतो गं, राहू दे तुझ्याजवळ!" मी तो घेतलासुद्धा! पुढच्या रविवारी वापीला गाडी बदलून आम्ही दमणला पोहोचलो.

दीपगृहाच्या दारात एक वयस्कर राखणदार बसले होते. बाबांनी कागद पुढे केला. त्यांनी चष्म्यातून आधी तो बघितला, मग मला.

"बेटी, यहाँ बात करने को कोई नहीं मिलता. मैं तो कबूतरों से बोलता हूँ. तू सच में यही करेगी?"

सगळा जन्म कबुतरांशी? माझ्या तोंडून निघालंच, "मला वकील व्हायचंय!" इतक्या जोरात, की वरची कबुतरं उडाली.

बाबांनी राखणदारांच्या हातातला कागद परत घेतला.

"मग सायन्सचा फॉर्म कशाला भरतोय आपण? आर्ट्सचा भरू." एवढं बोलून त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली. "पण माय, बापाला एक वाक्य सांगायला तू दमणपर्यंत आलीस. कोर्टात बोलायची वेळ आली, तर जज्जसाहेबांना काय लंडनला नेशील?"

याला माझ्याकडे अगदी बिनतोड उत्तर होतं. फक्त ते सुचलं, तेव्हा वापी आलं होतं.