न आलेल्यांची यादी

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीचं रजिस्टर भरत होते. त्याच्या आईला, वेणूमावशींना, दवाखान्यात न्यायला येणारी जीप पांदणीच्या तोंडाशीच चिखलात रुतली होती आणि चौघं जण त्यांना बाजेवर घालून पायी आणत होते. रिसोडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि एवढंच म्हटलं, उशीर झाला.

दीड महिना झाला... त्या पांदणीवरून जाताना मला अजून आमची, आम्हा सगळ्यांची किळस येते.

वस्तीकडे जाणाऱ्या त्या कच्च्या पांदणीवर पावसाआधी मुरूम पसरायचा, असं उन्हाळ्यात ठरलं होतं. मुरूम येऊन पडला होता, हवी होती ती माणसं. दर रविवारी श्रमदान, हजेरी माझ्याकडे. पहिल्या रविवारी पंधरा जण आले. साठी उलटलेल्या वेणूमावशी पदर खोचून सगळ्यांच्या आधी हजर. बाकीचे पारावर बसून बघत होते; आमच्या गल्लीतलं कोनी दिसत नाई, मंग आमीच कायले, असं एकमेकांना सांगत होते. मला वाटलं, यांना लाज वाटायला हवी. म्हणून न आलेल्यांची नावं मी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर घरनिहाय, सुवाच्य अक्षरात लिहिली. लोक गर्दी करून वाचत होते, हसत होते. पाटलांचं नाव आहे, मास्तरांचंही आहे... मग आपलं असलं तर काय बिघडलं? पुढच्या रविवारी आम्ही दोघीच होतो.

मावशी रागावल्या नाहीत. घमेलं भरता भरता म्हणाल्या, "आले त्याइचं नाव लिहाचं होतं, बाई. तू तं साऱ्या गावाले सांगून देलं, का कोनीच येत नाई."

मला ते लागलं. हट्टानं मी फळा पुसला नाही. त्यानंतरच्या रविवारपासून मीही जाणं सोडलं. मावशी जात राहिल्या.

अंत्ययात्रेला मात्र सगळं गाव आलं. चपला हातात घेऊन, कपडे गुडघ्यापर्यंत खोचून त्याच चिखलातून आलं, कारण सगळेच येत होते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात कुणीतरी सुचवलं, रस्त्याला मावशींचं नाव देऊ, कमान उभारू. एकानं हात वर केला, त्याच्याकडे बघून शेजारच्यानं केला. बघता बघता सगळे हात वर. माझाही.

मुरमाच्या ढिगावर आता गवत उगवलंय. वस्तीच्या अंगानं मावशींनी एकटीनं पसरलेला तुकडा तेवढा घट्ट बसलाय, जेमतेम दहा पावलांचा. अकराव्या पावलाला पाय घोट्यापर्यंत आत जातो.